शंभर ग्रॅम तिकिटं
(इतवारी, नागपूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

आपल्या इतवारीत सगळं वजनावर चालतं. सराफ्यात ग्रॅमच्याही खालचा हिशेब, किराणा ओळीत किलोचा, लोहा ओळीत क्विंटलचा. पोस्टाची तिकिटंसुद्धा वजनावर विकली जातात, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. आलेल्या टपालाचे कोपरे तिकिटासकट कापायचे, पोत्यात भरायचे आणि तोलून द्यायचे, असा हा जुना व्यापार आहे. संग्रह सुरू करायचा म्हणून कुणी मुलगा माझ्याकडे आला की मी त्याला सांगतो, बाबा रे, अल्बम मागून घे. आधी शंभर ग्रॅम मिसळ तिकिटं घे.

आई-बाप लगेच विचारतात, त्यात एखादं मौल्यवान निघेल का? नाही निघणार. 1948 साली गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट निघालं. त्यातल्या शंभर प्रतींवर सरकारी कामासाठी ‘सर्व्हिस’ असा शब्द छापला होता. त्यांतल्या चार तिकिटांची एक पट्टी 2017 साली ब्रिटनमध्ये पाच लाख पौंडांना गेली. तसलं काही फुटपाथवर मिळत नाही. 1852 सालचं ‘सिंध डाक’ तिकीट दोनशे रुपयांत देतो असं कुणी म्हणालं, तर ते नकली आहे असं समजून पुढे चालू लागा.

दुकानात मिळणाऱ्या तिकिटांच्या चकचकीत पाकिटांपासूनही सावध राहा. लहानपणी मी खाऊचे पैसे साठवून तसलं एक पाकीट घेतलं होतं. आत अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन या आखाती संस्थानांची रंगीबेरंगी तिकिटं होती. पुढे कधीतरी उलटून पाहिली, तर मागचा गोंद जसाच्या तसा. शिक्का मारलेला, आणि गोंद मात्र शाबूत! त्या तिकिटांनी पत्र कधी पाहिलंच नव्हतं. शिक्क्यासकट छापून ती थेट संग्राहकांना विकलेली होती. अशा तिकिटांनी मुलाचे डोळे दिपतात, हाती काही लागत नाही.

मिसळीतल्या मळकट तिकिटांचं तसं नाही. साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवली की ती आपसूक कागद सोडतात. लाल किंवा हिरव्या पाकिटाचे तुकडे वेगळे भिजवा, नाहीतर रंग उतरून सगळा घाणा बिघडतो. मग टिपकागदावर उलटी वाळवा, वर जाडं पुस्तक ठेवा आणि पुढे चिमट्यानेच उचला. एवढ्यात एक दुपार जाते. तिकिटाची खरी ओळख त्या दुपारी होते.

1979 पासून पुढे आलेली शेतीची मालिका अशा मिसळीत हमखास सापडते. छोटी, रोजच्या वापराची तिकिटं. व्यापारी त्यांना केरात काढतात; माझा जीव त्यांच्यातच आहे. एक रुपयाच्या तिकिटावर कापूस. दोन रुपयांच्या तिकिटावर हातमाग. सव्वातीन रुपयांच्या तिकिटावर संत्री. आता बघा, कापूस, माग आणि संत्री! आपला अर्धा विदर्भ आला की त्यात. ज्या गावात कोष्ट्यांच्या मागांचा आवाज गल्लीगल्लीतून यायचा, तिथल्या मुलाला इतिहासाचं याहून स्वस्त पान कुठे मिळेल? एकाच चित्राची दहा तिकिटं निघाली तर फेकू नका. कडेची छिद्रं मोजा, पाठ उजेडाकडे धरून कागदातलं जलचिन्ह पाहा. दहांपैकी दोन वेगळी निघतात. नजर तयार होते ती अशी, दुबार तिकिटांवरच.

कोरी तिकिटं हवी असतील तर सिव्हिल लाइन्समधल्या मुख्य टपाल कार्यालयात, छापील किमतीला घ्यावीत. दलालाला जास्तीचे पैसे देण्याचं कारण नाही. दोनशे रुपये भरून फिलाटेलीचं खातं उघडता येतं, मग नवी तिकिटं घरपोच येतात. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याने 2017 साली दीनदयाळ स्पर्श योजना काढली, तिच्यात वर्षाला सहा हजारांची शिष्यवृत्ती ठेवली. चांगली सोय आहे. पण कोऱ्या तिकिटाला प्रवास नसतो, म्हणून ते मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

आणि वापरलेलं तिकीटच आता दुर्मीळ होत चाललं आहे. पाकिटावर यंत्राचा ठसा असतो, नाहीतर बारकोडची चिठ्ठी. 2025 साली रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात मिसळून गेलं. आजच्या पाच रुपयांच्या तिकिटाची कोरी प्रत उद्या सहज मिळेल. खऱ्या पत्रावरून आलेली, स्वच्छ शिक्क्याची प्रत शोधावी लागेल.

म्हणून इथल्या दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. मस्कासाथपासून शहीद चौकापर्यंत कितीतरी पेढ्यांच्या माळ्यावर तारेत ओवलेली जुनी पत्रं आणि पाकिटं अजून असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला देऊ नका. तिकीट नखाने सोलू नका, चारी बाजूंनी बोटभर कागद ठेवून कापा. शिक्क्यातलं गाव आणि तारीख स्वच्छ वाचता येत असेल, तर पाकिटाला कात्रीच लावू नका. आणि ती सगळी पिशवी शेजारच्या एखाद्या मुलाच्या हाती द्या.