हत्तीरोग : सूज येण्यापूर्वीची लक्षणे
(वार्षिक सभेच्या निमित्ताने दहिवली येथे केलेले भाषण)



हत्तीरोग म्हटले की खांबासारखा सुजलेला पाय डोळ्यांसमोर येतो. परंतु ती या रोगाची अखेरची पायरी होय. आज पहिल्या पायऱ्यांविषयी बोलावयाचे आहे.

साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास या रोगाच्या कृमींचा प्रसार करतो. हे धाग्यासारखे कृमी लसीकावाहिन्यांत अनेक वर्षे राहतात. बहुतेकांना दीर्घकाळ काहीच जाणवत नाही. पुढे काहींना थंडी वाजून ताप येतो, जांघेत वा काखेत अवधाण येते, हातापायावर लाल, दुखरी रेघ उमटते. काही दिवसांत हे शमते, माणूस कामाला लागतो. पण वारंवार असे झाल्यास सूज कायमची राहते. पुरुषांत अंडवृद्धी होते. क्वचित लघवी दुधासारखी पांढरी होते. संकोचापोटी हे घरातही सांगितले जात नाही, आणि उपचाराची वेळ निघून जाते.

महाराष्ट्रात हा रोग प्रामुख्याने विदर्भात आढळतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा हे त्यांतील काही जिल्हे. ठाणे जिल्ह्यातही त्याची नोंद आहे. कर्जत-खालापूरकडे कामधंद्यासाठी माणसांची सतत ये-जा असते. म्हणून ‘आपल्याकडे हा रोग नाही’ असे समजून स्वस्थ बसू नये. या कृमींची पिल्ले रात्रीच रक्तात उतरतात. त्यामुळे रक्ताचा नमुना रात्री घ्यावा लागतो, हेही ध्यानात असावे.

राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम 1955 साली सुरू झाला. बाधित जिल्ह्यांत 2004 पासून सामुदायिक औषधोपचार मोहीम चालते. गर्भवती, दोन वर्षांखालील बालके व गंभीर आजारी यांना वगळून इतरांनी या गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळाव्यात.

ज्यांचा पाय सुजला आहे, त्यांनीही निराश होऊ नये. पाय रोज साबण-पाण्याने धुवावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, चिरांवर मलम लावावे, बसताना पाय उंचावर ठेवावा. एवढ्यानेही तापाचे झटके कमी होतात. अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होते.

हा रोग स्पर्शाने पसरत नाही, तो कुणाच्या पापाचे फळ नाही. तेव्हा आप्तेष्टहो, आपल्या माणसाला लपवू नका. पहिल्या तापातच घेऊन या. देणगीदारांना एवढेच सांगतो की, साबण, टॉवेल आणि मलम ही येथे औषधाइतकीच मोलाची मदत आहे.