जखमी पाखराला हात लावण्याआधी

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांसमोर झालेले भाषण)



मी पक्षितज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो. सिव्हिलचा डिप्लोमा केला, राज्य सरकारच्या नोकरीत उपयंत्री झालो आणि गेली वीस वर्षं रस्ते-मोऱ्यांची मापं घेतोय. कार्यकारिणीने मला दहा मिनिटं दिली ती एका कावळ्यामुळे. तो किस्सा आपल्यापैकी अनेकांना अर्धवट ठाऊक आहे. आज पूर्ण सांगतो.

त्याआधी एक जुनी गोष्ट. जुन्या इंदूरमध्ये आजोबा राहायचे, त्या घराच्या ओट्यावर आम्हा भावंडांना बुलबुलाचं पिल्लू सापडलं. अंगभर पिसं होती, शेपटी आखूड, पण उडता येत नव्हतं. आम्ही ते उचललं, बुटाच्या खोक्यात ठेवलं आणि कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं. सकाळी ते मेलेलं होतं. आजीने तुळशीमागे पुरायला लावलं. आपण वाचवायला गेलो, पण त्याचं आयुष्यच तेवढं, अशी आम्ही समजूत करून घेतली. तुमच्यापैकी निम्म्यांच्या लहानपणी हेच घडलं असेल, फक्त बुलबुलाऐवजी चिमणी.

चाळिशीत कळलं की त्या पिल्लाला काहीच झालेलं नव्हतं. पुष्कळ पक्ष्यांची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात. काही दिवस जमिनीवर, झुडपात उड्या मारत असतात आणि आईबाप तिथेच येऊन भरवतात. आम्ही ओट्यावर गर्दी करून उभे, म्हणून ते समोरच्या तारेवर थांबून ओरडत असणार. दूध पक्ष्यांना पचत नाही. शिवाय त्यांच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, त्यामुळे चोचीत ओतलेला थेंब फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणजे आम्ही त्याला वाचवलं नाही, पळवून नेऊन मारलं. आणि माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला वाळीत टाकतात, हेही खरं नाही. उचललेलं पिल्लू जिथलं तिथे ठेवलं तर ते परत भरवतात.

आता कावळा. 2020 च्या डिसेंबरअखेर डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले, आठवतं ना? नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचा विषाणू निघाला, एच-5 एन-8. आधी कोरोनाने शहराला वर्षभर घरात कोंडलेलं, त्यात हे. पक्ष्यांना हात लावू नका, लगेच कळवा, असं सगळीकडे सांगत होते. ते बरोबरच होतं.

अशात 14 जानेवारी 2021 ची संक्रांत. दुपारी समोरच्या कडुलिंबाला एक कावळा मांज्यात लटकलेला दिसला. चायनीज मांजा, म्हणजे नायलॉनचा. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 सालीच त्यावर देशभर बंदी घातली आहे, पण संक्रांतीला आपल्या गच्च्यांवर काय दिसतं ते मी सांगायला नको. सुती दोरा निदान ताणला की तुटतो, हा तुटत नाही. पक्षी जितका धडपडेल तितका तो आत रुतत जातो.

मी दोन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी कुणी उचलला नाही. दुसरीकडून उत्तर आलं, गाडीला वेळ लागेल, आणि कावळा असेल तर हात लावूच नका. खाली मंडळी जमली होती, तीही तेच म्हणत होती. कायद्यानेही तेव्हा कावळ्याला फारसं संरक्षण नव्हतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच गेली.

नंतर मी लोकांना माझी कारणं सांगितली. आजारी कावळा मलूल बसतो, मान लटपटते, हा तर जोरात ओरडत होता, चोच मारत होता आणि त्याला काय झालंय ते डोळ्यांना दिसत होतं. कारणं खोटी नव्हती. पण अंगात रोग असूनही पक्षी काही काळ ठणठणीत दिसू शकतो, हेही मला माहीत होतं. खरं सांगायचं तर हात पुढे गेला तो आईमुळे. बाबा जाऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. आई गॅलरीतून म्हणाली, "अरे, बाबांच्या पिंडाला यांनाच बोलावलं होतंस ना?"

कोरोनामुळे घरात मास्क, हातमोजे, तोंडावरची पारदर्शक ढाल सगळं होतं. ते चढवलं. आधी मांजा विजेच्या तारेला कुठे लागलेला नाही ना ते पाहिलं (मुलांनो, तारेवर अडकलेला मांजा किंवा पक्षी बांबूने कधीही काढायचा नाही, वीज मंडळाला फोन करायचा). शिडी लावली, फांदी कापली, जुनं बेडशीट टाकून कावळा धरला आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवला. एका पशुवैद्यांनी फाटकाबाहेरच तपासला. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाला जी कातडी ताणलेली असते ती चिरली होती. ते म्हणाले, रात्र अंधारात, शांत ठेवा, जगला तर सकाळी बघू.

खोकं मी व्हरांड्यात ठेवलं. पहाटे कावळा मेला होता.

आता त्या महिन्यात इंदूरमध्ये घरात मेलेला कावळा म्हणजे काय, विचार करा. मी कळवलं. दोघं जण किट घालून आले, पिशवीत घालून घेऊन गेले, फवारणी केली. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, मधुमेह. मुलगी दहावीला. मी दहा दिवस गच्चीवरच्या खोलीत राहिलो. जिन्यावर ताट ठेवायला आलेली बायको एकदाच बोलली, "तुम्ही आईंचं ऐकलंत, ठीक. मला कुणी विचारलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणी आजारी पडलं नाही. त्या कावळ्याचा अहवाल काय आला ते मला कधी कळलं नाही. पुढच्याच महिन्यात रशियाने या विषाणूची माणसांना लागण झाल्याचं जाहीर केलं, ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. कावळा मी आजही उतरवीन. पण खोकं घराबाहेर ठेवीन, आणि शिडी लावण्याआधी घरात विचारीन.

तेव्हापासून मी आधी लांब उभा राहून बघतो. रक्त आहे का, पंख लोंबतोय का, मांजराने धरलं होतं का? मांजराचा दात लागला असेल तर ओरखडा केवढाही असो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण त्याच्या लाळेतले जंतू पक्ष्याला मारतात. पक्षी जखमी असेल तर खोकं, अंधार आणि वनविभागाला फोन. खायला-प्यायला काही नाही. बरा झाला म्हणून घरी पाळायचाही नाही, तो गुन्हा आहे. पोपट पाळणाऱ्यांनी माझ्याकडे असं बघू नका.

यंदा जुलैमध्ये आमच्या अंगणात कोकिळेचं पिल्लू पडलं. मी खोकं आणायला आत वळलो, तर बायको म्हणाली, "थांबा, त्याला काही लागलेलं नाही." मांजराला हाकलत ती दोन तास पायरीवर बसून होती. चहासुद्धा तिने तिथेच मागवला. संध्याकाळी कुंपणावर कावळी आली, इकडेतिकडे पाहिलं, खाली उतरली आणि त्याला भरवून गेली.