टाचेतील ध्वनी आणि हाडांचे आरोग्य



दिल्लीला सूर्यप्रकाशाची वाण नाही. तरीही २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील १० ते १८ वर्षे वयाच्या ५१३७ शाळकरी मुलांपैकी १०.८ टक्के मुलांत ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाची शारीरिक लक्षणे आढळली. निम्न आर्थिक स्तरात हे प्रमाण अधिक होते. त्यांतील ५५५ मुलांच्या हाताच्या व टाचेच्या हाडांची घनता क्ष-किरणांनी मोजण्यात आली.

टाच का निवडावी? तेथील हाड बहुतांशी जाळीदार असते आणि झीज प्रथम जाळीदार भागात जाणवते. टाचेची तपासणी श्राव्यातीत ध्वनीनेही होते. हाड भक्कम असेल तर ध्वनी वेगाने जातो आणि त्याच्या उच्च कंप्रतेच्या लहरी अधिक शोषल्या जातात. या पद्धतीत किरणोत्सर्ग नसतो, वेळ थोडा लागतो आणि उपकरण शाळेत वा खेड्यात नेता येते.

मात्र तिच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेचा १९९४ चा उणे २.५ हा निकष क्ष-किरण मापनासाठी आहे. तो ध्वनिमापनास जसाच्या तसा लावता येत नाही. रजोनिवृत्त स्त्रिया व वृद्ध पुरुष यांच्यातील अस्थिभंगाचा धोका ध्वनिमापनाने वर्तवता येतो. मुलांची हाडे वाढती असल्याने त्यांची तुलना समवयस्कांशीच करावी; केवळ या आकड्यावरून निदान करू नये.

सारांश, ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. चाळणीनंतर पुढील तपासणी, सकस आहार व ऊन मिळाले, तरच गरीब मुलाला तिचा लाभ होईल.