दुरुस्तीही सहकाराने व्हावी



नागरी सहकारी बँकांचे सर्व्हर रात्रंदिवस सांभाळणारी माणसे दादरला एकत्र येतात, याचा मला फार आनंद आहे. १९०६ साली याच शहरात श्रीपाद सुब्राव तल्माकी यांनी शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था उभी केली. पुण्यात कॉसमॉसची सुरुवात त्याच वर्षीची, आणि १९१८ मध्ये इथे सारस्वत आली. एकट्यादुकट्याला सावकाराच्या दारात न मिळणारी पत चारचौघांनी मिळून निर्माण करायची, हा त्यामागचा विचार. आज मला जे मांडायचे आहे ते त्याच विचारातून आले आहे.

३१ जुलै २०२४ ही तारीख तुमच्यापैकी कोणी विसरले नसेल. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, एनपीसीआयने तिला देयक प्रणालीपासून तोडले आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक ऐन महिनाअखेरीला अडकले. क्लाउडसेक या संस्थेने नंतर या हल्ल्याचा माग काढला. त्यांच्या मते सुरुवात एका सहयोगी कंपनीच्या नीट न बांधलेल्या जेनकिन्स सर्व्हरपासून झाली. जेनकिन्स मुक्त स्रोत आहे. ज्या त्रुटीचा उल्लेख झाला तिची दुरुस्ती २४ जानेवारी २०२४ लाच जाहीर झाली होती, तीही विनामूल्य. हल्ला जुलैअखेरचा, म्हणजे मध्ये सहा महिने होते.

मुक्त स्रोत प्रणालीत दुरुस्ती जाहीर होते तेव्हा नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या हे साऱ्या जगाला दिसते. आपण ते वाचतो तसे चोरही वाचतो, आणि जुनी ओळ कुठे चुकली होती हे त्याला आयते कळते. या खुलेपणाच्या मी पूर्ण बाजूने आहे, कारण त्यामुळेच हजारो डोळे ती दुरुस्ती तपासू शकतात. पण म्हणूनच, सूचना आली त्या क्षणी आपली मुदत सुरू झाली असे मानायला हवे.

पॅच वेळेत का लागत नाही, हे बाहेरच्यांना आळस वाटते. तो आळस नव्हे. लालबाग-परळच्या शाखांना गणपतीचे दहा दिवस हात लावायचा नसतो, मार्चअखेरीला तर विषयच नको. कर्नल बदलले की सर्व्हर रीबूट करावा लागतो आणि त्यासाठी रात्रीचे दोन तास कोणी लेखी देत नाही. लायब्ररी बदलली तरी आधीपासून चालू असलेली सेवा स्मृतीतली जुनीच प्रत वापरत राहते. ती सेवा पुन्हा सुरू केली नाही तर पॅच फक्त डिस्कवर असतो. डेबियन जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती घालते आणि मूळ आवृत्तीचा आकडा तोच ठेवते. मग ऑडिटर आकडा पाहून शेरा मारतो आणि दुरुस्त झालेल्या गोष्टीच्या खुलाशात आठवडा जातो. सेंटओएस ७ ची साथ ३० जून २०२४ ला संपली. ज्यांच्याकडे ती अजून चालू आहे, त्यांनी या संमेलनातून परत गेल्यावर पहिले काम तेच घ्यावे.

आता फायरवॉल. ती आहे का, असे विचारले तर सगळे हो म्हणतात. तिच्यात काय लिहिले आहे हे मात्र व्हेंडरला विचारावे लागते. हे मला मान्य नाही. लिनक्स कर्नलमध्ये नेटफिल्टर २००१ पासून आहे, २०१४ मध्ये त्यात एनएफटेबल्स आले. ओपनबीएसडीचा पीएफही २००१ चाच. परवान्याला पैसा लागत नाही, वाचायला माणूस लागतो. आयपीटेबल्समध्ये जो नियम आधी जुळतो तोच निकाल देतो; पीएफमध्ये, क्विक हा शब्द नसेल तर, शेवटी जुळलेला नियम खरा. एकीकडची सवय दुसरीकडे नेली की तेच नियम उलट वागतात. सगळे बंद ठेवून गरजेपुरते उघडायचे, हे आपण बाहेरून येणाऱ्या वाहतुकीला लावतो. आतून बाहेर जाणाऱ्या आणि आतल्या आत फिरणाऱ्या वाहतुकीलाही ते तितक्याच कठोरपणे लावले पाहिजे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉसवर हल्ला झाला तेव्हा एटीएमकडून आलेल्या मागण्या मूळ बँकिंग प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत. मधेच उभा केलेला बनावट स्विच त्या मंजूर करत राहिला आणि ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. कोणते यंत्र कोणाशी बोलू शकते याची यादी प्रत्येक बँकेकडे कागदावर असली पाहिजे, आणि नियम त्या यादीवरून लिहिले गेले पाहिजेत.

दोन-तीन शाखांच्या बँकेत संगणक विभाग म्हणजे बहुधा एकच माणूस. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये नागरी बँकांसाठी सायबर सुरक्षेच्या चार पायऱ्या आखल्या, ते योग्यच झाले. तरी सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूसही पॅच न तपासता लावू शकत नाही. घाईलाही धोका असतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला लागणारा अर्धा सेकंद जादा वाटला म्हणून तो उघड झाला. स्थिर आवृत्ती वापरणारे त्यातून वाचले.

म्हणून माझे मागणे असे. आपण सर्व बँकांनी मिळून चाचणीची एक सामायिक खोली उभी करावी. सर्वांच्या वापरातल्या प्रणालींच्या प्रतिकृती तिथे असाव्यात. पॅच आला की आधी तिथे लागावा, आणि तपासणीचा निकाल त्याच दिवशी प्रत्येक सभासद बँकेला मिळावा. फायरवॉलच्या नियमावलीचे नमुनेही तिथेच लिहिले जावेत. नागरी बँकांची शिखर संस्था, एनयूसीएफडीसी, २ मार्च २०२४ पासून काम करते आहे. तिच्याकडे हा प्रस्ताव नेता येईल, पण तिची वाट पाहत थांबू नये. दादर-परळ परिसरातल्या पाच-सहा बँकांनी जुने दोन सर्व्हर आणि आठवड्यातून एकेक दिवस आपला माणूस दिला तरी सुरुवात होते.

या सामायिक खोलीचा ठराव उद्या सकाळच्या सत्रात येईल. आपापल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांशी आज रात्रीच फोनवर बोलून घ्या, आणि कोणती बँक कोणता वार देऊ शकते ते लिहूनच सत्राला या.