पिच्चरची जात

(अभ्यासवर्गातलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



सिनेमावर बोल म्हणून मला इथं उभं केलंय. मी समीक्षक नाही. फिल्म सोसायटीचा मेंबर नाही. तिकीट काढायचं आणि आत जाऊन बसायचं, एवढीच माझी लायकी. मारामारीचा लागला तर मारामारीचा, रडका लागला तर रडका. देवाधर्माचा, भुताखेताचा, आर्टवाला, जो लागेल तो मी बघतो. पण एवढे बघितल्यावर माणसाचं काहीतरी मत होतंच. ते सांगतो.

समीक्षक लोक सांगतात की सिनेमाचे प्रकार असतात. सामाजिक, विनोदी, प्रेमकथा, सूडकथा, भयपट, क्रीडापट. मी म्हणतो, प्रकार कसले, सरळ जाती म्हणा की! गावात कामं वाटली तसेच पडद्यावर पिच्चर वाटलेत. प्रेम करायचं मल्होत्रांनी. गंमत करायची त्रिपाठ्यांनी. सूड घ्यायचा ठाकुरानं. आणि रडायचं कोणी? ते काम आपलं. बापाकडून पोराकडे आलेलं. महारकी कायद्यानं गेली, पण पडद्यावरचं हे रडण्याचं वतन कोणी खालसा केलं नाही.

तुम्ही म्हणाल, हा उगाच ओढूनताणून जात काढतोय. म्हणून एक साधी युक्ती सांगतो. पिच्चर बघताना हिरोचं तोंड बघू नका, ते पोस्टरवर बघून झालेलं असतं. आपला माणूस पडद्यावर आला की त्याचे हात बघा. जोडलेत? बांधलेत? पसरलेत? की काही उचलतायत? त्यावरून पिच्चरची जात कळते. दिग्दर्शकाची मुलाखत वाचायची गरज नाही.

सुरुवात रडक्यापासून करू. १९३६ चा 'अछूत कन्या'. बॉम्बे टॉकीजचा. फाटकवाल्याची पोरगी कस्तुरी, तिचं प्रेम बामणाच्या पोरावर. देविका राणी नटूनथटून अस्पृश्य झाली होती. शेवटी दोन पुरुष रेल्वे फाटकात मारामारी करतात आणि गाडी थांबवायला धावते कस्तुरी. मरते. पुरुष वाचतात. प्रश्न सुटला, कारण पोरगीच संपली.

मग १९५९ चा 'सुजाता'. बिमल रॉय चांगला दिग्दर्शक, नूतन चांगली नटी, त्याबद्दल वाद नाही. पण हात बघा. सुजाताचा हात बाहेर काढलेला, त्यातून रक्त चाललंय, सांभाळणाऱ्या आईला वाचवायला. ते रक्त जुळलं तेव्हा कुठं ती 'मुलीसारखी'ची 'मुलगी' झाली. आता साल आठवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली होती. कोणाला रक्त देऊन नाही, कोणाची परवानगी मागून नाही. त्यानंतर तीन वर्षांनी पडद्यावर आपली पोरगी माणूस म्हणून पास व्हायला बाटलीभर रक्त देत होती. रस्त्यावरची माणसं कुठं पोचली होती आणि पिच्चर कुठं होता ते बघा!

आता आर्टवाले. यांचं दुःख खरं असतं, हे मी मान्य करतो. पण हात? १९७४ च्या 'अंकुर'मध्ये किश्तय्या मुका आणि बहिरा. जमीनदाराचा पोरगा त्याला चाबकानं फोडतो. १९८० च्या 'आक्रोश'मध्ये आदिवासी लहान्या भिकूच्या हातात बेड्या, आणि तो जवळजवळ सगळा पिच्चर गप्प. बोलतो त्याचा वकील कुळकर्णी. १९८१ मध्ये सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी 'सद्गती' केली. त्यात दुखी चांभार पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला भटजीकडे जातो आणि त्याची लाकडं फोडता फोडता मरतो. १९८४ चा 'पार' घ्या. बायको पोटुशी, तिच्यासकट डुकरांचा कळप नदीतून पलीकडं न्यायचा. त्या कामाबद्दल नसिरुद्दीन शाहला व्हेनिसला बक्षीस मिळालं. मिळायलाच पाहिजे होतं. पण माझा प्रश्न वेगळाय. आपला माणूस पडद्यावर यायचा तर तो मुका तरी पाहिजे, नाहीतर बेडीत पाहिजे, नाहीतर मेलेला पाहिजे, ही अट कोणी घातली? पांढरपेशा प्रेक्षक बघतो, हळहळतो, बाहेर येऊन कॉफी पितो. त्याची हळहळ होते आणि आपली जखम त्याच्या कामाला येते.

म्हणून आपली पोरं तिकडं फिरकली नाहीत. ती गेली 'दीवार'ला. त्यांना अक्कल नव्हती म्हणून नाही, अक्कल होती म्हणून. १९७५ चा पिच्चर. गोदीतला हमाल विजय. लहानपणी बूटपॉलिश करताना फेकलेले पैसे उचलायला त्यानं नकार दिला. हात बघा! पडद्यावर पहिल्यांदा एक राबणारा हात वाकायला तयार नव्हता. आणि दुसरं बघा. आई देवळात जाते, हा पायरीवर बसून राहतो. आपल्या बापजाद्यांना पायरीवर अडवलं होतं. १९३० ला काळारामाच्या दारात सत्याग्रह करावा लागला. हा पठ्ठ्या स्वतःहून आत जात नाही. पिटातल्या पोरांना त्यात काय दिसलं असेल ते सांगायला समीक्षक नको.

पण सलीम-जावेदनं त्याला आडनाव दिलं वर्मा. आणि शेवटी नेलाच देवळात, आणि देवळातच मारला. म्हणजे राग आमचा, आडनाव दुसऱ्याचं आणि शेवट देवाच्या पायाशी.

त्याच साली 'शोले' आला. मिनर्व्हाला पाच वर्षं चालला. सगळे सांगतात, गब्बरनं ठाकुराचे हात तोडले. खरंय. पण हात गेले तरी हुकूम गेला का? ठाकुराचे हात म्हणून कोण वावरतं? रामलाल. नोकर. दोन्ही हात शाबूत, पण ते त्याचे नाहीत. आणि गंमत बघा, रामलालचं काम करणारा सत्येन कप्पू 'दीवार'मध्ये विजयचा बाप होता, कामगारांचा पुढारी. एकाच वर्षात एकच माणूस एका पिच्चरात युनियन चालवतो आणि दुसऱ्यात मालकाची शाल सांभाळतो. 'शोले' मी किती वेळा बघितला त्याची मोजदाद नाही. मजा येतेच. पण रामगडात महारवाडा कुठं होता, हे मला अजून सापडलेलं नाही.

१९७५ चाच तिसरा पिच्चर 'जय संतोषी माँ'. लोक चपला बाहेर काढून थेटरात जात. पडद्यावर चिल्लर फेकत. इथं सगळेच हात जोडलेले, पडद्यावरचे आणि खुर्चीतले. त्याबद्दल जास्त बोलत नाही. फक्त एवढंच की फेकलेले पैसे न उचलणारा विजय आणि पडद्यावर पैसे फेकणारी पब्लिक, दोन्ही एकाच साली. आपल्या देशाचं निदान यापेक्षा सोपं होत नाही.

भुताचे पिच्चरही बघितले. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर', १९८४. हवेली ठाकुराची, शापसुद्धा ठाकुराच्याच घराण्याला. नोकर कशाला, तर कंदील धरायला. म्हणजे शाप लागायलासुद्धा खानदान लागतं!

आता हसण्याचं बोलू, कारण तिथं खरी ग्यानबाची मेख आहे. 'चुपके चुपके', तोही १९७५ चा. परिमल त्रिपाठी वनस्पतिशास्त्राचा प्रोफेसर. बायकोच्या मेव्हण्याची गंमत करायला ड्रायव्हर होतो आणि शुद्ध हिंदी झाडतो. धर्मेंद्र हसवतो, मी पण हसलो. पण उलटं करून बघा. खराखुरा ड्रायव्हर गंमत म्हणून प्रोफेसर झाला तर? तो विनोदी पिच्चर होणार नाही. तो क्राईम पिच्चर होईल, आणि दुसऱ्या रिळात पोलीस येतील. वरून खाली उतरणं हा विनोद, खालून वर चढणं हा गुन्हा!

आणि आपला मराठी 'अशी ही बनवाबनवी', १९८८. पाठ आहे ना सगळ्यांना? पुण्यात भाड्यानं खोली मिळत नाही. मालकीणबाईंना जोडपी पाहिजेत. मग दोघं लुगडी नेसतात आणि चौघं घरात शिरतात. पोट धरून हसलो आपण. पण आपल्याला खोली कशामुळं मिळत नाही? हा प्रसंग इथल्या प्रत्येकाला माहीताय. मालक आधी नाव विचारतो. मग आडनाव. मग गाव. मग म्हणतो, "घरी विचारून सांगतो." नाहीतर म्हणतो, "आम्ही व्हेजिटेरियनलाच देतो." त्यांनी लुगडं नेसलं, आपण आडनाव बदलतो. बनवाबनवी तीच. मग त्यांची गोष्ट विनोदी आणि आपली गोष्ट 'समस्या' कशी? आपली सांगायला गेलं की लगेच सारंगी वाजते!

खेळाचं घ्या. 'लगान', २००१. गावात अस्पृश्य कोण, तर कचरा. नाव बघा, कचरा! त्याचा हात वाकडा, आणि वाकडा म्हणून चेंडू वळतो. भुवन भाषण करून त्याला टीममध्ये घेतो. कचऱ्याला कोणी विचारत नाही, बाबा तुला खेळायचंय का? हॅटट्रिक त्याची, पण शेवटचा फटका भुवनचा. गोष्ट १८९३ ची दाखवली आहे. त्याच दशकात पुण्यात एक खराखुरा माणूस गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करत होता आणि नेटमध्ये साहेबांना बॉल टाकत होता. पळवणकर बाळू. जातीनं चांभार. डावखुरा फिरकी गोलंदाज. हिंदूंच्या टीमला विकेट पाहिजे होत्या म्हणून त्याला घेतलं, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. १९११ ला हिंदुस्थानच्या संघाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि शंभरावर बळी घेतले. त्याला कॅप्टन केलं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ ला हिंदू संघाचा कॅप्टन झाला, तोही भांडण झाल्यावर. बाळूचा हात वाकडा नव्हता, दोस्तांनो. तो शिकलेला हात होता. तासन् तास नेटमध्ये घासून तयार केलेला. पण आपल्या माणसाकडं कसब असू शकतं हे पडद्याला पटत नाही. व्यंग असलं की पटतं.

प्रेमाचं काय? १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' मराठा मंदिरात वर्षानुवर्षं चालला. शेवटी बाप पोरीचा हात सोडतो आणि ती गाडीकडं धावते. हात सोडणाराही बापच. आपल्याकडं बाप हात सोडत नाही, हात उचलतो. ते दाखवलं नागराज मंजुळेनं, २०१६ च्या 'सैराट'मध्ये. पण लोक नुसता शेवट धरून बसतात. मी म्हणतो, पहिला अर्धा भाग बघा. पारध्याचा पोरगा विहिरीत उडी मारतो, प्रेमात पडतो, रानातून पळत सुटतो, आणि त्याच्यामागं हॉलिवूडला रेकॉर्ड केलेला ऑर्केस्ट्रा वाजतो. ते संगीत आजवर मल्होत्रांच्या पोरांसाठी राखीव होतं. या राखीव जागांवर कोणी कधी मोर्चा काढला नाही! आणि पाटलाच्या पोरीचे हात ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगवर. 'सैराट'नं मला रडवलं ते शेवटामुळं नाही, त्याआधी दीड तास इतकं हसू दिलं म्हणून.

मग २०१८ ला त्याचा हिंदीत 'धडक' झाला. मासे धरणाऱ्याचा पोरगा हॉटेलवाल्याचा पोरगा झाला. जात गेली, खून राहिला. कारण काढून टाकलं आणि प्रेत तेवढं ठेवलं. याला म्हणतात व्यवस्थेचा रिमेक.

मंजुळेच्याच २०१३ च्या 'फँड्री'त राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागं धावणारं अख्खं घर सावधान उभं राहतं. हात सरळ खाली. डुक्कर मात्र निघून जातं. मग तेच डुक्कर काठीला बांधून बाबासाहेब, सावित्रीबाईंची चित्रं काढलेल्या भिंतीवरून नेतात. शेवटी जब्या दगड उचलतो आणि फेकतो, तो थेट आपल्याकडं. 'अंकुर'मध्येही शेवटी एक पोरगं दगड फेकतं. पण तो जमीनदाराच्या खिडकीवर, खुर्चीतल्या माणसाला त्याची भीती नव्हती, तो टाळ्या वाजवू शकत होता. हा दगड खुर्चीवर येतो. चाळीस वर्षं लागली दगडाला तेवढं अंतर कापायला.

पा. रंजितनं २०१८ च्या 'काला'त रजनीकांतला धारावीत उभा केला आणि त्याच्या जीपच्या पाटीवर १९५६ लिहिलं. २०२२ च्या 'झुंड'मध्ये तोच अमिताभ, पुन्हा विजयच, पण वर्मा नाही, विजय बोराडे. आणि उभा कुठं? बाबासाहेबांच्या फोटोसमोर. देवळाच्या पायरीपासून इथवर यायला विजयला सत्तेचाळीस वर्षं लागली. 'झुंड'बद्दल माझी तक्रार एकच. पोरांना तारायला बाहेरून मास्तर यावाच लागतो. पण ती नागपूरची पोरं जयंतीला डीजेसमोर नाचतात, एकमेकांची टर उडवतात, तेव्हा त्यांचे हात हवेत असतात. न जोडलेले. न बांधलेले. मला तेवढ्यासाठी तिकीट वसूल झालं.

तर माझं मागणं साधंय. आमचं दुःख दाखवू नका, असं मी म्हणत नाही. दाखवा. पण फक्त तेवढंच दाखवू नका. आपल्या माणसाला खुनाचा तपास करू द्या. आपल्या पोरीला रॉकेटमधून जाऊ द्या. आपल्या म्हाताऱ्याला प्रेमात पडू द्या. आपल्यातलाही एखादा बदमाश असतो, त्याला व्हिलन होऊ द्या, चांगला झकास व्हिलन. ज्याला फक्त रडता येतं तो माणूस दयेला पात्र ठरतो, हक्काला नाही. त्याच्यावर योजना निघते, त्याला बरोबरीनं कोणी बसवत नाही. पडद्यावरही नाही आणि खोली भाड्यानं देतानाही नाही.

आणि हे मागणं कोणापुढं हात जोडून करायचं नाही. तुमच्या खिशात मोबाईल आहे, त्याला कॅमेरा आहे. तुमच्यातले दोघं-तिघं आत्ताच माझं शूटिंग करतायत. करा. पण माझं काय करता, खोली बघायला जाल तेव्हा करा. पहिला पिच्चर रडका काढू नका. चार पोरं, एक आडनाव, एक खोलीमालक, एवढ्यावर एक धमाल विनोदी पिच्चर काढा. वस्तीत पडदा लावून दाखवा. माणसं पोट धरून हसली पाहिजेत.

खोलीमालकालाही बोलवा. त्याला हसू येणार नाही. येऊ पण नये.

जयभीम.