‘असुर’ : एका शब्दाचे दैव



असुर म्हटला की विक्राळ दाढा, आरक्त नेत्र आणि देवांशी हाडवैर असे चित्र आपल्या मनात उभे राहते. आज मला या चित्रामागील शब्दाविषयी बोलावयाचे आहे. कारण प्रारंभी हा शब्द दुष्टांचा वाचक नव्हता.

ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटले आहे. इंद्र, अग्नी आणि सविता यांनाही हे विशेषण लावलेले आढळते. ‘असु’ म्हणजे प्राण. ज्याच्या ठायी प्राणशक्ती आहे तो असुर, अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगतात. इराणच्या अवेस्तेतील ‘अहुर’ हे याच शब्दाचे रूप असून ‘अहुर मज्द’ हे तेथील परमेश्वराचे नाव आहे. तेथे उलट ‘दएव’, म्हणजे आपले देव, दुष्ट ठरले.

पुढे आपल्याकडे अर्थ पालटला. ब्राह्मणग्रंथांत देव आणि असुर ही दोन्ही प्रजापतीचीच संतती. परंतु ते परस्परांचे वैरी झाले आहेत. मग ‘असुर’ शब्दातील आरंभीचा ‘अ’ नकारार्थी मानला गेला आणि उरलेल्या ‘सुर’ या अंशाला देव हा अर्थ मिळाला. रामायणाच्या बालकांडात तर समुद्रमंथनातून निघालेल्या वारुणीचा ज्यांनी स्वीकार केला ते सुर आणि ज्यांनी केला नाही ते असुर, असा उलगडा येतो. शब्दाची फोड आधी चुकली आणि तिच्या समर्थनार्थ कथा मागाहून आली.

छोटा नागपूरच्या मुंडा लोकांतही असुरांची एक कथा आहे. असुर अहोरात्र भट्ट्या पेटवून लोखंड गाळीत. त्या धगीने सृष्टी होरपळू लागली. सिंगबोंगा या देवाने पक्ष्यांकरवी निरोप धाडले. असुरांनी ते जुमानले नाहीत. तेव्हा तो खरजेने भरलेल्या पोराच्या रूपाने आला आणि त्याने असुरांना संपत्तीच्या लोभाने भट्टीत उतरविले. बायका भाते चालवीत राहिल्या आणि आत पुरुष जळून गेले. त्या विधवाच पुढे डोंगर-ओढ्यांची भुते झाल्या, असे कथा सांगते.

झारखंडातील नेतरहाटच्या पठारावर असुर नावाची जमात आजही राहते. कथेतील असुर ते हेच की काय, हा प्रश्न वादाचा आहे. परंतु लोखंड गाळणे हा यांचाही परंपरागत व्यवसाय होता. २०११ च्या जनगणनेनुसार झारखंडात त्यांची संख्या सुमारे २२,००० होती. त्यांची मुंडा कुळातील भाषा लोप पावण्याच्या धोक्यात आहे. त्यांच्यापैकी काहीजण महिषासुराला आपला पूर्वज मानतात आणि दुर्गापूजेच्या दिवसांत शोक पाळतात.

आपल्या कथा सोडून द्याव्यात, असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या शब्दाने आपण मुलांना भीती दाखवितो, तेच नाव शाळेच्या हजेरीपटावर एखाद्या मुलाचे आडनाव म्हणून येते. गुरुजी ते नाव उच्चारतात तेव्हा वर्गात हशा पिकावा की नाही, हे शब्दकोश ठरवीत नाही. ते आपणच ठरवीत असतो.