नळदुर्गच्या वाटेवरील एक नाव



सोलापूरहून हैद्राबादकडे जाताना आपल्यांपैकी पुष्कळांनी नळदुर्गचा किल्ला पाहिला असेल. बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत बांधलेला पाणीमहाल पाहण्यास पावसाळ्यात मोठी गर्दी लोटते. तुळजापूर तालुक्यात शिक्षक असताना मीही मुलांच्या कित्येक सहली तेथे नेल्या. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, इथे शेवटची लढाई कधी झाली?" "निजामाच्या वेळी," एवढे मोघम उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

खरे उत्तर असे होते : १३ सप्टेंबर १९४८. त्या दिवशी पहाटे जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या आधिपत्याखालील भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने निजामाच्या हद्दीत शिरले. बोरीवरचा पूल उडवून देण्याचा शत्रूचा बेत होता. परंतु सातव्या ब्रिगेडने तो शाबूत हस्तगत केला व पुढचा मार्ग मोकळा झाला. दुसरी एक फौज तुळजापुरावर आली. तेथे हैद्राबादच्या पहिल्या पायदळ पलटणीचे शिपाई आणि सुमारे दोनशे रझाकार दोन तास लढून शरण आले.

नळदुर्गच्या चढाईत शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतील हवालदार बचित्तरसिंग आघाडीवर होते. शत्रूच्या ठाण्यावरून मशीनगनचा मारा सुरू असता ते पुढे धावले. ठाणे जवळ आले असतानाच मांडीत गोळ्या शिरून ते कोसळले. तरीही सरपटत जाऊन त्यांनी दोन हातबॉम्ब फेकले आणि ती मशीनगन बंद पाडली. मागे हलविण्यास त्यांनी नकार दिला. आपल्या माणसांना धीर देत देत तेथेच त्यांनी देह ठेवला. पुढे १९५२ साली अशोकचक्र हा सन्मान निर्माण झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आले. पंजाबात जन्मलेल्या या शिपायाला आपली भाषा ठाऊक नव्हती. आणि ज्या गावांसाठी तो पडला, त्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते.

दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारक उघडले गेले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे तेथे कोरलेली आहेत. ते योग्यच झाले. परंतु माणूस जेथे पडला, तेथील मातीचेही काही देणे असते, आणि ते दगडाने पुरते फिटत नाही. दगडावर नाव कोरणे सोपे. ते मुलांच्या तोंडी ठेवणे अवघड, कारण ते काम रोजचे असते. त्या कामात मी चुकलो.

आणखी एक गोष्ट. स्मारकाने अर्धे सत्य सांगू नये. रझाकारांच्या जुलमाने आपली गावे होरपळली होती, हे खरे. पण कारवाईनंतर कित्येक निरपराध मुसलमान कुटुंबांचा बळी गेला, हेही तितकेच खरे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते नोंदविले. तिचा अहवाल २०१३ साली सर्वांना पाहावयास खुला झाला. सर्वांत अधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. बचित्तरसिंग हत्यारबंद शत्रूशी समोरासमोर लढले. त्यांचे नाव घेऊन शेजाऱ्याविषयी द्वेष पेरणे, हा त्यांच्या शौर्याचा अपमानच होय.

निवृत्तीच्या वर्षी मी शेवटची सहल नळदुर्गला नेली. पाणीमहाल पाहण्याआधी मुलांना नदीकाठी उभे केले आणि ही सारी हकीकत सांगितली. मग सर्वांनी मिळून ते नाव उच्चारले. पंजाबी उच्चार काही नीट जमला नाही. पण आवाज मोठा होता.

आपणही कधी त्या वाटेने गेलात, तर क्षणभर थांबून आपल्या मुलांना ते नाव सांगावे, एवढीच विनंती.